फिरत्या घराची वीज : शिरूर ते दौंड

फिरायला जाणे हे पैसेवाल्यांचे काम. आपण गावी जायचे ते लग्नाकार्याला नाहीतर दुखण्याखुपण्याला, असा आपल्या वस्त्यांमधून एक समज रुजलेला आहे. वास्तविक आपल्या माणसांइतका प्रवास क्वचितच कोणी केला असेल. फरक इतकाच की तो पोटासाठी केला. मुलांना नदी दाखवावी, जुनी गावे दाखवावीत, एखादी रात्र उघड्या माळावर काढावी, यासाठी आपण निघत नाही, कारण अकरा माणसांच्या लॉजचा हिशेब मांडला की बेत तिथेच मोडतो.

२०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचे घर. झोपायची फळी, पंखा, लहानसा फ्रीज, दिवे, सगळे गाडीतच. अशा गाड्या उभ्या करण्यासाठी पाणी, वीज आणि रस्ता असलेल्या जागा असाव्यात, अशी त्या धोरणातील कल्पना आहे. श्रीमंतांची कॅराव्हॅन आपल्याला परवडणारी नाही. परंतु कल्पना चांगली वाटली, म्हणून आम्ही चार कुटुंबांनी ठरविले की, ओळखीच्या एका बंधूंची जुनी मिनीबस घ्यायची, डिझेल आणि चालकाचा खर्च वाटून घ्यायचा, मार्चअखेरची कचेरीतील गडबड सुरू होण्यापूर्वी शनिवार-रविवारला दोन दिवस रजा जोडायची आणि शिरूर व दौंड हे दोन तालुके पाहून यायचे.

गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे आरटीओची मंजुरी घ्यावी लागते. म्हणून आम्ही कापाकापी काहीच केली नाही. बाकांवर टाकायच्या फळ्या, वायरीची गुंडाळी आणि विजेची एक पेटी, एवढेच सामान वर चढविले. ह्या लेखात प्रवासाबरोबर त्या पेटीचीही हकिगत सांगावयाची आहे, कारण ती आपल्या प्रत्येक घराच्या उपयोगाची आहे.

खरेदीची बैठक

आमच्या सोबत येणाऱ्या एका आईंना मधुमेह आहे. इन्शुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या थंड ठेवाव्या लागतात. त्यासाठी लहानसा फ्रीज घ्यायचे ठरले. शिवाय दोन पंखे, चार दिवे, सात मोबाईल आणि एका मुलीचा अभ्यासाचा लॅपटॉप. रात्री मुक्कामाच्या ठिकाणी कोणाच्या तरी बोर्डावरून वीज घ्यावी लागणार. आणि खेड्यातील वीज म्हणजे कधी दिवा मिणमिणतो, कधी इतका प्रखर पेटतो की बल्ब फुटतो. मग हे सामान वाचवायचे कसे?

पहिली सूचना आली ती स्पाइक गार्डच्या बोर्डाची. बाजारात पाच-सहाशे रुपयांना मिळतो, लाल बत्ती पेटते, काम झाले. दुसऱ्या एका तरुणाने मोबाईलवर परदेशी कॅराव्हॅनसाठी बनविलेले सर्ज प्रोटेक्टर दाखविले. तिसऱ्याने सांगितले, घरचा स्टॅबिलायझर उचला आणि गाडीत ठेवा. आमच्यात एक परवानाधारक वायरमन बंधू आहेत. ते सर्वांचे ऐकून घेऊन म्हणाले, "आधी हे ठरवा की तुम्हाला कशापासून वाचायचे आहे. रोग तीन आहेत आणि तुम्ही औषध एकच मागता."

पहिला रोग म्हणजे सर्ज किंवा स्पाइक. वीज कडाडते, डीपीवर फ्यूज जातो, जवळची मोठी मोटार बंद होते, त्या क्षणी तारेतून हजार किंवा त्याहून अधिक व्होल्टचा धक्का येतो. तो सेकंदाच्या लाखाव्या भागाइतकाच टिकतो, पण फ्रीजचा किंवा मोबाईलच्या चार्जरचा नाजूक भाग तेवढ्यात जळतो. यावर व्हॅरिस्टर नावाचा चकतीसारखा भाग असतो. एरवी तो गप्प असतो. दाब मर्यादेबाहेर गेला की वाट मोकळी करतो आणि जादा वीज बाजूला काढतो. प्रत्येक धक्क्यागणिक त्याचे आयुष्य थोडे थोडे झिजते.

दुसरा रोग म्हणजे दाब चढून किंवा उतरून तसाच राहणे. आपल्या घरी येतो तो २३० व्होल्टचा एक फेज. डीपीवरून तीन फेज निघतात आणि दोन फेजमधील दाब सुमारे ४१५ व्होल्ट असतो. तिघांचा समतोल न्यूट्रलच्या तारेवर असतो. ती तार तुटली किंवा तिचा सांधा सैल झाला, तर ज्या फेजवर कमी घरे जोडलेली असतात तेथील दाब तीनशेच्याही वर, अगदी चारशेच्या जवळ जाऊ शकतो. हा काही क्षणाचा धक्का नव्हे, हे तासभरही चालते. येथे व्हॅरिस्टर उपयोगाचा नाही. तो स्वतःच तापून जळतो. येथे पाहिजे तो व्होल्टेजचा ऑटो-कट, जो दाब मोजतो आणि मर्यादा ओलांडली की वीजच तोडतो. शेतकरी बांधवांना मोटारीच्या स्टार्टरवरचा सिंगल फेज प्रिव्हेंटर माहीत आहे. त्याचेच हे घरगुती भावंड समजा.

तिसरा रोग सर्वांत वाईट, कारण त्यात वस्तू जात नाही, माणूस जातो. तो म्हणजे गाडीच्या पत्र्यात वीज उतरणे. वायर कुठे सोलली, एखादे जुने उपकरण आतून गळू लागले, की पत्रा जिवंत होतो. गाडी रबरी टायरवर उभी, त्यामुळे वीज जमिनीत जात नाही. आत बसलेल्याला काही कळत नाही. मात्र अनवाणी पायाने ओल्या जमिनीवर उभे राहून जो दाराच्या दांड्याला हात लावील, त्याच्या अंगातून ती जमिनीत उतरेल. यावर सर्ज प्रोटेक्टरही नाही आणि स्टॅबिलायझरही नाही. त्याला अर्थिंग पाहिजे आणि आरसीसीबी पाहिजे, ज्याला आपल्याकडे अजून ईएलसीबी म्हणतात.

आता वरील तिन्ही सूचनांचा निकाल आपोआप लागला. स्वस्तातील कित्येक बोर्डांमध्ये पितळी पट्ट्या आणि एक बत्ती एवढेच असते. व्हॅरिस्टर नसतोच, आणि असला तरी पहिल्याच रोगावर चालतो. अमेरिकेतील कॅराव्हॅनचे सर्ज प्रोटेक्टर तिथल्या १२० व्होल्टच्या जोडणीसाठी बनविलेले. आपल्या २३० व्होल्टवर लावले की संपले. स्टॅबिलायझर दाब थोडाफार खालीवर करून सांभाळतो, पण चारशे व्होल्टला तो पुरा पडत नाही आणि पत्र्यातील विजेचे त्याला काहीच कळत नाही. म्हणून आमच्या वायरमन बंधूंनी एका प्लॅस्टिकच्या पेटीत चार वस्तू बसविल्या : फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा १६ अॅम्पिअरचा एमसीबी, ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी, व्होल्टेजचा ऑटो-कट आणि टाइप २ चे सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस.

नगर रस्त्याने

शुक्रवारी सकाळी सहाला निघालो. वाघोली मागे पडली की भीमेचा पूल लागेपर्यंत कारखाने, गोदामे आणि मालमोटारी यांचीच सोबत. पुलाच्या अलीकडे, हवेली तालुक्यातील पेरणे गावच्या हद्दीत विजयस्तंभ आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईची ती खूण, आणि १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब येथे आले होते. एरवी एक जानेवारीला येथे पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी मात्र सगळे शांत होते. मुलांनी स्तंभावर कोरलेली नावे बोट लावून वाचली. पूल ओलांडला की शिरूर तालुक्याचे कोरेगाव भीमा. पुढे सणसवाडी, शिक्रापूर, मग रांजणगावची औद्योगिक वसाहत. येथील शेडमधून आपले कितीतरी तरुण कंत्राटावर राबतात. सकाळच्या पाळीच्या बसगाड्या आमच्या बाजूने जात होत्या आणि आमच्या गाडीच्या खिडकीतली भांडी पाहून आतली पोरे हसून हात करीत होती.

शिरूरला जुनी माणसे अजून घोडनदी म्हणतात. घोड नदीच्या काठी वसलेले हे बाजाराचे गाव. नदीच्या पलीकडे नगर जिल्हा सुरू होतो, ज्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर आहे. गावाला पाण्याचा आधार आहे तो घोड नदीचा, आणि ह्याच नदीवर तालुक्यात चिंचणीचे धरण आहे. दुपारी बाजारात भाजी घेतली आणि संध्याकाळी एका पाहुण्यांच्या अंगणात गाडी लावली.

वीज घेण्यापूर्वी वायरमन बंधूंनी तीन दिव्यांचा टेस्टर पाहुण्यांच्या बोर्डात घातला. फेज आणि न्यूट्रल जागेवर होते, पण अर्थिंगचा दिवा पेटेना. तीन छिद्रांचा सॉकेट होता, मात्र वरच्या मोठ्या छिद्रामागे वायरच नव्हती. पाहुणे म्हणाले, "भाऊ, घर बांधल्यापासून असंच आहे. कधी काही झालं नाही." "कधी काही झालं नाही" हे वाक्य आम्ही ह्या प्रवासात निदान सहा जणांकडून ऐकले.

अंगणात चार फुटी अर्थिंगचा गज ठोकला, भोवती पाणी ओतले आणि हिरव्या वायरीने गाडीचा पत्रा व पेटी त्याला जोडली. आमच्यापैकी एकाने विचारले, गज ठोकला तर मग आरसीसीबी कशाला? वायरमन बंधूंनी जमिनीवर काडीने हिशेब मांडला. तो आम्हा वाणिज्य शाखेच्या माणसालाही पटला, म्हणून येथे देतो. अशा एका गजाला जमिनीचा विरोध समजा ५० ओहम आहे. २३० भागिले ५० म्हणजे साडेचार अॅम्पिअरच्या आसपास वीज जमिनीत जाईल. १६ अॅम्पिअरच्या एमसीबीला ती जाणवतही नाही. तो चालूच राहतो आणि पत्रा तसाच जिवंत राहतो. परंतु आरसीसीबीचे काम वेगळे. फेजमधून जितकी वीज गेली तितकी न्यूट्रलने परत आली का, एवढेच तो पाहतो. ०.०३ अॅम्पिअरचा फरक पडला की ०.३ सेकंदाच्या आत तो पडतो. १०० किंवा ३०० मिलिअॅम्पिअरचेही आरसीसीबी मिळतात, पण ते आगीपासूनच्या संरक्षणासाठी. माणसाच्या जिवासाठी ३० मिलिअॅम्पिअरचाच मागून घ्यावा.

त्या रात्री शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली तसा दाब १७४ वर उतरला. ऑटो-कट १८० ला लावलेला होता, त्याने वीज तोडली. दाब सुधारल्यावर तीन मिनिटे थांबून त्याने पुन्हा जोडली. ही तीन मिनिटांची उसंत फ्रीजच्या कॉम्प्रेसरसाठी आवश्यक असते. लगेच वीज आली तर तो अडकतो आणि तापतो. सकाळी मीटरचे आकडे पाहिले. चार युनिट पडले होते. पाहुणे पैसे घेत नव्हते, पण पाहुणचार निराळा आणि विजेचे बिल निराळे, असे म्हणून ते त्यांच्या मुलाच्या हाती ठेवले.

भीमेच्या अलीकडे-पलीकडे

दुसऱ्या दिवशी टाकळी हाजीला गेलो. येथे कुकडी नदीच्या पात्रात काळ्या दगडाला रांजणासारखे खोल खळगे पडले आहेत. अलीकडे शिरूरची टाकळी हाजी, पलीकडे पारनेरचे निघोज. पाण्याच्या भोवऱ्यात गोटे गरगरत राहिले आणि त्यांनी हजारो वर्षांत खडक कोरला, हे शाळेतील मुलांना पुस्तकापेक्षा तेथे उभे राहून चटकन कळते. त्यानंतर मोराची चिंचोली पाहिली. चिंचेची झाडे आणि अंगणात येणारे मोर यासाठी हे गाव प्रसिद्ध आहे.

तेथून न्हावऱ्याच्या रस्त्याने दक्षिणेला वळलो. दोन्ही बाजूंना ऊस. मुळा-मुठा भीमेला मिळते ती वाळकी आणि रांजणगाव सांडसच्या शिवारात, ते ह्याच भागात. भीमेचा पूल ओलांडला की दौंड तालुक्यातले पारगाव. गुऱ्हाळांच्या चिमण्यांतून धूर निघत होता आणि गुळाचा वास गाडीत येत होता.

वाटेत ऊसतोड कामगारांच्या कोप्या दिसल्या. आम्ही थांबलो. खरे चाकावरचे घर पाहायचे तर ते येथे. बैलगाडी किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली हीच त्यांची गाडी, तिच्यातच भांडी, पीठ, कोंबड्या आणि लेकरे. पाच-सहा महिने हाच संसार. त्यांच्यासाठी कोणत्या धोरणात विजेची जागा आहे? जवळच्या खांबावरून कोणी तरी तार ओढली होती आणि ती पाचटाच्या छपरावरून, एका पत्र्याला घासून पुढे गेली होती. सोलल्या जागी पिशवीचा कागद गुंडाळलेला. आमच्या वायरमन बंधूंनी तेथील एका बाईंना सांगितले, "ताई, ही तार पत्र्यापासून बाजूला घ्यायला सांगा. पाऊस पडला तर सगळा पत्रा धरील." ताई म्हणाल्या, "दादा, रातच्याला लेकराच्या उशाशी उजेड नको का? साप निघत्यात." ह्यावर काय बोलणार? आकडा टाकणे २००३ च्या वीज कायद्याने गुन्हा आहे आणि जिवाला धोकाही आहे, हे खरे. परंतु माणसे हौसेने आकडा टाकीत नाहीत. ज्यांच्या घामावर साखर निघते, त्यांच्या तळावर एक मीटर, एक आरसीसीबी आणि चार दिवे बसवून देणे कारखानदारीला जड नाही. ही मागणी आपल्या कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे. त्या दिवशी आम्ही बाईंच्या घरधन्याबरोबर खांबावरची तार खाली उतरविली आणि आमच्याकडचे सौर उजेडाचे दोन कंदील तेथे ठेवून निघालो.

रात्री पारगावच्या पुढे एका शेतकरी मित्राच्या वस्तीवर मुक्काम होता. ह्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, म्हणून अंधार पडल्यावर मुलांना गाडीबाहेर सोडले नाही. शेतकरी मात्र रात्री पाणी धरायला जातात, कारण शेतीपंपांना वीज कित्येकदा रात्रीच मिळते. दिवसा वीज द्या, ही ह्या भागाची मागणी त्यासाठीच आहे. नऊच्या सुमारास पंपांची वीज बंद झाली, आणि इतका वेळ दबलेला घरगुती दाब हळूहळू चढू लागला. ऑटो-कटवरचे आकडे २४५, २५२, २५८ असे सरकत होते. मुले क्रिकेटच्या धावा मोजाव्यात तसे मोठ्याने वाचीत होती. २६० ओलांडताच टक् आवाज झाला आणि गाडीतील वीज गेली. समोरच्या घरात बल्ब पांढराफेक पेटला होता. मित्र म्हणाले, "आमच्याकडे महिन्याला दोन बल्ब जातातच." फ्रीज बंद होता, पण झाकण उघडले नाही म्हणून आतील गारवा टिकला आणि आईंचे इन्शुलिन सुरक्षित राहिले.

केडगाव, चौफुला आणि दौंड

रविवारी केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन बाहेरून पाहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळात अनाथ मुली आणि विधवा यांना त्यांनी येथे आणून आसरा दिला, लिहायला-वाचायला आणि हाताला काम शिकविले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या मुलींना आम्ही मुद्दाम हे सांगितले. पुढे चौफुल्याला सोलापूर महामार्ग लागला, तेथून पाटस आणि मग दौंड.

दौंड म्हणजे रेल्वे. इंग्रजांच्या कागदांत ह्याचे नाव 'धोंड' असे लिहिलेले सापडते. मुंबईकडून येणारा मार्ग येथून सोलापूरकडे जातो, एक फाटा मनमाडला आणि एक बारामतीला. रेल्वेच्या चाळींमधून आपल्या समाजाच्या कितीतरी कुटुंबांच्या पिढ्या वाढल्या. गँगमन, खलाशी, फिटर अशी कामे करून त्यांनी मुलांना शिकविले. राज्य राखीव पोलीस दलाचे तळही येथेच. तेथे आम्हाला भेटले ते रेल्वेतून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेले एक काका. जयभीम झाला, चहा झाला आणि त्यांनी आमची पेटी उघडून पाहिली. म्हणाले, "आगगाडीचा डबा लोखंडाच्या चाकांनी रुळावर उभा असतो, म्हणजे तो जमिनीला धरून आहे. तुमची बस रबरावर उभी. म्हणून तुम्हाला ही पेटी डब्यापेक्षा जास्त लागते."

काकांचे शब्द खरे ठरायला रात्र उजाडावी लागली नाही. संध्याकाळी चहासाठी सोबत आलेली एक जुनी विजेची किटली लावली. त्याच वेळी दाराशी आमच्यातील एक नऊ वर्षांची मुलगी अनवाणी, भांडी विसळलेल्या चिखलात उभी होती आणि तिचा हात पायरीच्या दांड्यावर होता. किटलीचा स्विच दाबला आणि गाडी अंधारात गेली. आरसीसीबी पडला होता. किटली काढली, तो वर केला, राहिला. किटली लावली, पुन्हा पडला. काकांनी तपासले तेव्हा किटलीचे एलिमेंट आतून फुटलेले निघाले. वीज तिच्या पत्र्यात आणि तेथून अर्थिंगच्या वायरीने गाडीच्या अंगात येत होती. घरातल्या अर्थिंग नसलेल्या बोर्डावर हीच किटली कित्येक महिने "कधी काही झालं नाही" म्हणून चालली होती. त्या मुलीला काहीही झाले नाही. तिला कळलेही नाही. ती "दिवे का गेले?" म्हणून विचारीत आत आली. तिच्या आईने मात्र तिला जवळ घेतले आणि बराच वेळ सोडले नाही.

पेटीचा हिशेब

आमचा पेशा कारकुनाचा, म्हणून आकडे देतो. आम्हाला पडलेला खर्च असा : एमसीबी ५५० रुपये, आरसीसीबी १,९००, ऑटो-कट १,२००, सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस २,२००, पेटी ४५०, अडीच चौरस मिलिमीटरची तीनपदरी वायर वीस मीटर २,४००, प्लग व सॉकेट ५००, गज आणि हिरवी वायर ८००, टेस्टर २५०. एकूण १०,२५० रुपये. चार कुटुंबांत दर कुटुंबी २,५६२ रुपये ५० पैसे. पैसे कमी असतील तर काय आधी घ्यावे? आमच्या मते क्रम असा : प्रथम अर्थिंग आणि आरसीसीबी, कारण त्यात जीव आहे. मग ऑटो-कट, कारण खेड्यात दाबाचा त्रास रोजचा आहे. सर्ज डिव्हाइस शेवटी.

ते घेताना काही गोष्टी पाहाव्यात. सतत सहन करण्याचा दाब निदान २७५ व्होल्ट, शक्यतो ३२० लिहिलेला असावा. कमी असेल तर खेड्यातील चढत्या दाबातच तो जळेल. त्यावर लहान खिडकी असते. हिरवी असेपर्यंत ठीक, लाल झाली की बदलावा. अर्थिंग नसेल तर त्याचे निम्मे काम बंद पडते. स्पाइक गार्डच घ्यायचा असेल तर किती ज्यूल लिहिले आहेत ते पाहावे. जितके जास्त, तितका तो अधिक धक्के सोसतो. ज्यावर काहीच लिहिलेले नाही, तो साधा बोर्ड समजावा.

वळवाच्या दिवसांत कोणत्याही उपकरणावर विसंबू नये. जवळ पडणाऱ्या विजेला ही पेटी पुरत नाही. ढग गडगडू लागण्यापूर्वीच प्लग काढून वायर बाजूला ठेवावी आणि काचा लावून बंद गाडीत बसावे. झाडाखाली थांबू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने बनविलेले 'दामिनी' नावाचे अॅप मोबाईलवर विजेची सूचना देते. ते मोफत आहे. जनरेटर लावला तर तो गाडीपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवावा. त्याच्या धुराने झोपेत माणसे दगावतात. आणि पेटीची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी.

१९४२ ते १९४६ ह्या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखात्याचे सदस्य होते. विजेचा विषय त्याच खात्याकडे होता, आणि देशाच्या विजेचे नियोजन करण्यासाठी १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. वीज स्वस्त आणि सर्वांना मिळावी हा त्यांचा आग्रह होता. आज ती बहुतेक वस्त्यांत पोहोचली. आता ती सुरक्षितपणे घरात यावी, हे पाहणे आपल्या हाती आहे.

भगिनींनो, चाकांवरचे घर आपल्यापैकी थोड्यांनाच लागेल. परंतु पत्र्याची खोली, लोखंडी कपाट, ओली मोरी, पाण्याचा हीटर हे तर घरोघरी आहे. तीन छिद्रांच्या सॉकेटमागे अर्थिंगची वायर आहे का, हे एकदा तपासून घ्या. मीटरजवळ आरसीसीबी असेल तर त्याच्यावरचे 'टी' अक्षराचे बटण महिन्यातून एकदा दाबा. तो पडला पाहिजे. पडत नसेल तर तो नुसता शोभेचा आहे. आणि जयंतीच्या मंडपात लोखंडी पाइप, पत्रे आणि दिव्यांच्या माळा एकत्र येतात, गर्दीत लहान मुले त्या पाइपांना धरून उभी राहतात. मंडळांनी वर्गणीच्या हिशेबात फुलांच्या आधी एक ओळ आरसीसीबी आणि अर्थिंगची लिहावी. ती पेटी कोणाच्या नजरेत भरणार नाही, तिचा कोणी फोटोही काढणार नाही. पण मुले जशी आली तशी घरी जातील.